जिन्यावरचं माहेर

मला मदत केली ती आमच्या घरमालकीण मावशींनी. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण पुढचं वाचताना कुणाला वाटेल की ही बाई जरा सटकलेली होती, आणि मग मदतीची गोष्ट मागं राहून जाईल. गल्लीत पुष्कळांना तसं वाटायचंच. मलाही सुरुवातीला वाटलं.

शहागंजच्या मागच्या बाजूला त्यांचं घर. खालची खोली आमच्याकडं भाड्यानं होती. बाहेरून लोखंडी जिना, वर मावशींची खोली, त्याच्यावर गच्ची, आणि गच्चीच्या कोपऱ्यांतून वर निघालेल्या गंजक्या सळया. मावशींच्या नवऱ्याला आणखी एक मजला चढवायचा होता. तेवढ्यात तो वारला. सळया तशाच राहिल्या. मावशी रोज संध्याकाळी बादली घेऊन वर जायच्या आणि त्या जुन्या स्लॅबवर पाणी मारायच्या. स्लॅब टाकून किती तरी वर्षं झालेली.

"मावशी, आता कशाला पाणी?" मी एकदा विचारलं.

"तहान लागती त्याला," त्या म्हणाल्या. "टेकू काढला म्हणून तहान जाती का?"

पावसाळ्यातसुद्धा मारायच्या. वरून पाऊस पडतोय आणि ह्या बादली रिकामी करतायत, असं मी स्वतः पाहिलं आहे.

त्यांचं सगळ्यात मोठं वेड म्हणजे रीत. "आमच्यात रीत हाय," एवढं म्हटलं की विषय संपला. जिन्यात शीळ घालायची नाही, आमच्यात रीत हाय. नवीन भाडेकरूनं पहिल्या दिवशी मालकिणीच्या घरचं पाणी प्यायच्या आधी गूळ खायचा, आमच्यात रीत हाय. शनिवारी प्लंबर बोलवायचा नाही, ही सुद्धा रीत. एकदा नळ शुक्रवारी संध्याकाळी फुटला आणि आम्ही रविवारपर्यंत त्याला फडकं बांधून बसलो होतो.

आता हे "आमच्यात" म्हणजे कुणाच्यात, ते कुणालाच कळत नव्हतं. त्या तर एकट्याच राहायच्या. फर्दापूरला त्यांचा एक पुतण्या होता, लेणी बघायला येणाऱ्यांसाठी त्यानं तिथं जेवणाचं छोटं हॉटेल टाकलं होतं. तो एकदा सीताफळं घेऊन आला, तेव्हा मी हळूच त्याला गुळाच्या रितीचं विचारलं. तो हसला. "वहिनी, आमच्यात असलं काय बी नाय. काकू रोज नवीन काढती."

तेव्हापासून मला माहीत होतं. पण मी कधी बोलले नाही.

दुसरं वेड रिक्षावाल्यांचं. रिक्षात बसायच्या आधी मावशी मीटर बघायच्या नाहीत, भाडं विचारायच्या नाहीत. विचारायच्या, "तुझ्या पाठीवर कोण?"

"क्या खाला?"

"तेरे बाद कौन पैदा हुआ? कितने दिन बाद?"

"भाई है. साल-सव्वा साल छोटा होगा."

"देख," मावशी माझ्याकडं वळून म्हणायच्या, "ह्याला आईचं दूध पुरतं मिळालंच नाय. हा खड्ड्यातून हाकंल. चल, दुसरा बघू." आणि खरंच दुसरा बघायच्या. ज्याच्या पाठीवर तीन-चार वर्षांनी भावंड असेल, अशाच रिक्षात बसायचं. नवीन रिक्षावाले चिडायचे. जुने सवयीचे झाले होते, त्या दिसल्या की लांबूनच ओरडायचे, "खाला, मेरे पीछे चार साल का फर्क है! आओ, बैठो!" त्यातले निम्मे खोटं बोलत असणार.

मी भंडाऱ्याकडची. शाळा आठवीत सुटली. आई लहानपणीच गेली, वडील भावाकडं असतात आणि वहिनीच्या संसारात माझ्या बाळंतपणाला जागा नव्हती. आमचे हे पण तिकडचेच. वाळूजच्या एका कंपनीत मशीनवर लागले म्हणून आम्ही इकडं आलो. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. मला माहेरच नसल्यासारखं, आणि सासूबाईंचा धानाची रोवणी सोडून इतक्या लांब येण्याचा विचार नव्हता. मला रात्रंदिवस एकच काळजी, की दुखायला लागलं आणि हे शिफ्टला असले तर काय करायचं. ही काळजी मी मावशींना सांगितली नव्हती. पण सातव्या महिन्यात त्यांनी एक दिवस जिन्यावरून खाली हाक मारली, "ए पोरी, रविवारी तुझं डोहाळजेवण हाय. हिरवी साडी धुऊन ठेव."

त्यांनी गल्लीतल्या बायका बोलावल्या, शेवंतीची वेणी आणली, खुर्चीला केळीचे खुंट बांधले. पुऱ्या, श्रीखंड, बटाट्याची भाजी. एकेक बाई आली, तिनं माझी ओटी भरली. सगळ्या झाल्यावर मी म्हटलं, "मावशी, तुम्ही राहिलात." त्या गॅसपाशी होत्या. वळल्या नाहीत. "पुऱ्या जळतील," म्हणाल्या.

शेजारच्या काकूंनी मला डोळ्यानं गप्प केलं. मग मला कळलं. मावशी विधवा, आणि त्यांना मूल झालं नव्हतं. कुणाच्या ओटीला त्यांचा हात लागत नसे, आणि त्यांची ओटी भरण्याचा तर प्रश्नच नव्हता. गल्लीतल्या सगळ्या डोहाळजेवणांच्या पुऱ्या मात्र त्यांनीच तळलेल्या.

बाळंतपण मोठ्या सरकारी दवाखान्यात झालं. मुलगी झाली. ती झाल्यावर माझं रक्त थांबेना. एवढंच आठवतं की छतावरचा पंखा फार लांब गेला होता आणि कुणीतरी माझ्या गालावर चापट्या मारत होतं. रक्ताच्या पिशव्या लावल्या, थांबलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर मॅडम ह्यांना समोर उभं करून म्हणाल्या, "हिच्या अंगात काही राहिलेलं नाही. तीन वर्षं तरी दुसऱ्याचं नाव काढू नका. लगेच राहिलं तर या वेळी वाचली तशी पुढच्या वेळी वाचेलच, असं मी सांगू शकत नाही. तांबी बसवून घेता का?"

ह्यांनी सासूबाईंना फोन लावला. फोनमधला आवाज मला खाटेवर ऐकू येत होता. "पहिल्याच पोरीवर तांबी? काही नको. पोरगा होऊन जाऊ दे पाठोपाठ, मंग बसव काय बसवाचं ते."

"नंतर बघू," हे मॅडमना म्हणाले.

मॅडम मला म्हणाल्या, "तुझं काय म्हणणं आहे?" मी ह्यांच्या तोंडाकडं पाहिलं. मॅडम पुढच्या खाटेकडं गेल्या.

मावशी खाटेच्या पायथ्याशी डबा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

दवाखान्यातून रिक्षा घरापाशी आली. मी खालच्या खोलीकडं वळले तर मावशी दारात आडव्या. "इकडं कुठं जायलीस? वर."

"वर?"

"पहिलटकरीण माहेरी असती. माझ्या छताखाली जिचे दिवस भरले ती माझी लेक. आमच्यात रीत हाय. लेकराला दात येईस्तोवर लेक खाली उतरत नाय."

हे म्हणाले, "मावशी, दात यायला सहा-सात महिने लागतात."

"मग? स्लॅब टाकल्यावर दुसऱ्या दिवशी टेकू काढतेत का? तुमच्या कंपनीत काढत असतील. घरात नाय काढत. अन् आता मावशी म्हणू नका. तुम्ही जावई."

अशा तऱ्हेनं मी बाळाला घेऊन जिना चढले आणि माहेरी गेले. नवरा खाली सासरी राहिला.

हे गल्लीत फार दिवस हसण्याचा विषय झालं होतं. ह्यांना बाळ बघायचं असलं तर रविवारी, आंघोळ करून, जावई म्हणून वर यायचं. रिकाम्या हातानं नाही. मावशी दाराबाहेर खुर्ची टाकायच्या, चांगल्या कपात चहा द्यायच्या आणि विचारायच्या, "काय जावईबापू, प्रवास कसा झाला?"

"जिना चढलो," हे म्हणायचे.

"दमला असाल. बसा."

ह्यांना सुरुवातीला राग यायचा. मग बिस्किटाचा पुडा घेऊन मुकाट्यानं यायला लागले. कंपनीतल्या एकानं विचारलं, बायको कुठं असते, तर म्हणाले, माहेरी. तो म्हणाला, लांब आहे का? हे म्हणाले, अंतर जास्त नाही, पण सासू कडक आहे.

मला मात्र तिथं पहिल्यांदा झोप लागली. शेकशेगडी, डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी आणि अळीवाची खीर. मावशींना बाळंतपणातलं सगळंच कळत होतं असं नाही. बाळाला तीट किती मोठी लावावी ह्याचा त्यांना अंदाज नव्हता, अर्धा गाल काळा करायच्या. अंघोळ घालायला गल्लीतली एक म्हातारी यायची. पाणी तापवायचं मावशींकडं आणि ते नेहमी जास्त कढायचं, मग म्हातारी ओरडायची, "लेकरू न्हाऊ घालायचंय का कोंबडी सोलायचीय?"

त्यांना नक्की कळत होतं ते एकच. माझ्या अंगात रक्त भरायला वेळ पाहिजे, आणि तो वेळ मला मागता येत नाही. त्यांनी हे मला कधी बोलून दाखवलं नाही. मीही विचारलं नाही. रीत आहे म्हटल्यावर दोघींनाही काही बोलावं लागत नव्हतं.

सासूबाईंना फोनवर ही रीत पटत नव्हती. मुलीला सातवा महिना लागला तेव्हा त्या स्वतः आल्या. जिना चढून वर आल्या तेव्हा मुलगी मावशींच्या मांडीवर होती. मावशींनी बसल्या जागेवरूनच स्वागत केलं, "या विहीणबाई. पाणी घ्या. आधी गूळ."

सासूबाईंनी गूळ खाल्ला. त्या रितीभातीला फार घाबरणाऱ्या. चहा झाल्यावर म्हणाल्या, "काऊन वो बाई, हे कोनती रीत म्हनावं? आमच्या इकडं सव्वा महिना पाळतेत. नवऱ्यापासून इतके दिवस दूर, असं त म्या आयकलं नाही बाप्पा."

"तुमच्याकडं नसंल. तुमच्याकडं धान पिकतो, आमच्याकडं ज्वारी. सगळं सारखं कसं असंल?"

"पन आता दात आला नं. म्या पाह्यला. खाली एक दात हाय."

"खालचा आला. वरचा यायचाय. खालच्या दातावर बाळंतीण उतरवत नाय."

सासूबाई विचारात पडल्या. मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. कारण खाली उतरले की काय होणार, ते मला दिसत होतं. मी नाही म्हणू शकणार नव्हते.

मग सासूबाईंनी सहज विचारावं तसं विचारलं, "तुमाले लेकरं किती?"

"नाय."

"नाही म्हंजे?"

"झालंच नाय."

सासूबाईंनी कप खाली ठेवला. उठल्या, आणि मावशींच्या मांडीवरची मुलगी उचलून घेतली. "मंग? जिची कूस उजवली नाही, तिनं बाळंतिणीचं सांगावं? माह्या नातीले ठेवलं त ठेवलं, कोनाच्या मांडीवर!" माझ्याकडं बघून म्हणाल्या, "ऊठ. सामान घे. चाल खाली."

मी उठले.

मावशींची मांडी रिकामी झाली होती. त्यांनी त्यावरचा पदर सारखा केला. आवाज चढवला नाही. शहागंजात मेथीची जुडी केवढ्याला विचारतात त्याच आवाजात म्हणाल्या, "बरोबर वळखलं विहीणबाई. हे सांगायचं नसतं, पण तुम्ही इतक्या लांबून आलात. रीतच ती हाय. ज्या घरात पाळणा हलला नाय, त्याच घरात ठेवतेत. वांझोटीच्या मांडीवर लेकरू वाढलं की त्याला दुसऱ्या कुणाची नजर लागत नाय. म्हणून तर माझ्याकडं ठेवलं."

सासूबाई थांबल्या.

"फकत एक हाय. मुदत भरायच्या आधी उतरवली, तर माझी सावली तिच्या मागं जिना उतरती. मग पुढं खाली पाळणा हलत नाय. माझ्यासारखंच होतं तिचं. न्या, तुमची सून, तुमची मर्जी."

मुलगी सासूबाईंच्या बांगड्यांशी खेळत होती. सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं, जिन्याकडं पाहिलं. मग पुढं होऊन मुलगी परत मावशींच्या मांडीवर ठेवली. जपून ठेवली, कडेनं पदरसुद्धा सारखा केला.

"वरचा दात कवा येते?" त्यांनी विचारलं.

"येईल सवडीनं," मावशी म्हणाल्या. "बसा. भाकरी टाकते."

त्या दिवशी संध्याकाळी मावशींनी गच्चीवर फार वेळ पाणी मारलं. एक बादली झाली, दुसरी नेली, तिसरी नेली. पाणी कठड्यावरून जिन्यावर टपटपत खाली येत होतं. मी वर गेले नाही. भाजी निवडत बसले. त्यांनी स्वतःबद्दल जे सांगितलं होतं, ते गल्ली त्यांच्यामागं आयुष्यभर बोलत आली होती. त्यांनी तोंडानं ते कधी उच्चारलेलं मी ऐकलं नव्हतं. माझ्यासाठी उच्चारलं, आणि वर त्याची रीत करून दिली.

सासूबाई परत निघाल्या तेव्हा मी बसस्टँडवर सोडायला गेले; दिवे लागायच्या आत परत वर आलं तर तेवढं उतरलेलं चालतं, अशी रीत मावशींनी तिथल्या तिथं काढली. बस लागली तरी त्या चढेनात. शेवटी म्हणाल्या, "काय वो, ते रीत... आपल्या बेबीले लागू होते काय?" बेबी म्हणजे माझी नणंद. तिची दोन लेकरं पाठोपाठची, तिसरं पोटात, आणि हाडं वर आलेली. "ते बाळंत झाल्यावर तिले कोठं ठेवता येईन, विचार बरं त्याइले."

मी घरी येऊन मावशींना सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला. "लागू होती म्हणावं. तिकडं कुणी माझ्यासारखी नसंल तर इकडं पाठवा. माझ्याकडं जागा हाय."

पुढच्या रविवारी हे बिस्किटाचा पुडा घेऊन आले, खुर्चीत बसले. "वरचा दात आला का?"

आला नव्हता. पण मी ठरवलं होतं. मावशींना पुन्हा कुणासमोर तसं बोलावं लागू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी म्हटलं, "दाताचं काही नाही. मॅडमनी तीन वर्षं सांगितलीत. तुम्ही पण ऐकलंत. मला मरायची भीती वाटते. मी तांबी बसवून घेणार आहे."

ह्यांनी आत पाहिलं. आत मावशी भांडी उगाच जोरात वाजवत होत्या.

"आणि रीत?"

"रीत मावशींची. हे माझं."

हे पुडा हातात फिरवत राहिले. "आधी का नाही बोललीस?"

"बोलले असते तर काय केलं असतंत?"

त्यांनी खरं सांगितलं. "आईला विचारलं असतं." मग म्हणाले, "उद्या माझी सेकंड शिफ्ट आहे. सकाळी येतो सोबत."

आतून मावशींचा आवाज आला, "जावईबापू, चहात साखर किती?"

दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन आम्ही तिघं निघालो. मावशींनी दोन रिक्षा नाकारल्या. तिसऱ्याच्या पाठीवर पाच वर्षांनी बहीण होती, त्यात बसलो. तांबी बसवताना कळ आली, आठवडाभर ओटीपोट दुखलं, मग थांबलं. सासूबाईंना ह्यांनीच फोनवर सांगितलं. त्या दोन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. नंतर बोलायला लागल्या.

वरचा दात आल्यावर मी खाली उतरले त्या दिवशी मावशींनी लेक सासरी पाठवतात तसं सगळं केलं. तांदूळ, नारळ, खण. ओटी भरायला मात्र समोरच्या घरातल्या वहिनींना बोलावलं. स्वतः गॅसपाशी उभ्या. मी पाहिलं तर म्हणाल्या, "दूध उतू जाईल." पातेल्यात दूध नव्हतं, पाणी होतं.

आता आम्ही वाळूजकडं राहतो. मुलगी बालवाडीत जाते. तीन वर्षं होऊन गेली, मॅडमनी तपासून सांगितलं की आता चालेल. दुसरं कधी, होऊ द्यायचं की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही. घाई कुणी करत नाही. मावशी अजून तिथंच आहेत, अजून स्लॅबवर पाणी मारतात. मी अधूनमधून माहेरी जाते. जिना चढते, आधी गूळ खाते.

पण माझ्यावर त्यांचं राहिलेलं आहे, ते मी एक दिवस फेडणार आहे. दुसरं ठरवीन तेव्हा माझं डोहाळजेवण त्याच खोलीत होईल, आणि नाहीच ठरवलं तर दुसरं काही निमित्त काढीन. गल्लीतल्या सगळ्या बायका बोलवीन. सगळ्यांच्या समोर पहिली ओटी भरीन ती मावशींची, खण-नारळानं, हळदीकुंकू लावून. त्या म्हणतील, पुऱ्या जळतील. मी आधी जाऊन गॅस बंद करीन. आणि कुणी तोंड उघडलंच, की विधवेची, लेकरू न झालेल्या बाईची ओटी भरतात होय, तर मला काय सांगायचं ते ठाऊक आहे.

आमच्यात रीत हाय.